दंतवैद्याची जोखीम, रुग्णाचा जबडा

दंतवैद्यांच्या मेळाव्यांतून आणि विमा कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून ‘जोखीम व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग अलीकडे फार प्रतिष्ठेने वापरला जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ज्यांचे दवाखाने आहेत त्या दंतवैद्यांना उपदेश केला जातो की, रुग्णाची सही घ्या, केसपेपर जपून ठेवा, विम्याचा हप्ता चुकवू नका आणि काही बिघडलेच तर वकिलाला विचारल्यावाचून तोंड उघडू नका. दंतवैद्यानेच तोंड मिटून बसावे, हा या शास्त्राचा विनोदी भाग सोडून देऊ. परंतु सगळा उपदेश ऐकून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. ज्या जोखमीचे व्यवस्थापन करावयाचे ती कोणाची? रुग्णाच्या जबड्यातील मज्जातंतू दुखावला जाण्याची, की तो दुखावल्यावर दंतवैद्याला पैसे मोजावे लागण्याची? पहिली जोखीम कमी केली की दुसरी आपोआप कमी होते. दुसरी कमी केल्याने पहिली तसूभरही घटत नाही. आणि आज जे काही शिकविले जात आहे, विकले जात आहे आणि कायद्याने उचलून धरले जात आहे, ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या जोखमीविषयी आहे.

हा विषय पक्षाच्या पानावर कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. दात हे मध्यमवर्गाचे दुखणे आहे, अशी एक समजूत डाव्या वर्तुळातही आहे. ती चुकीची आहे. मशेरी आणि तंबाखू लावणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या आणि दात ठणकू लागल्यावाचून दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या श्रमिकाचाच दात शेवटी सर्वांत वाईट अवस्थेत खुर्चीसमोर येतो, आणि वाईट अवस्थेतल्या दातावर इलाज करतानाच अपघात अधिक होतात. शिवाय हा इलाज तो बहुधा खिशातल्या पैशाने विकत घेतो. मुंबईतील सार्वजनिक मालकीची दोन दंत महाविद्यालये, महापालिकेचे नायर आणि शासनाचे, ही दोन्ही शहर भागात आहेत. बोरिवलीच्या माणसाला मुंबई सेंट्रल गाठावे लागते, मुलुंडच्या माणसाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून तेथे जाण्यापेक्षा तो स्थानकाबाहेरच्या दवाखान्यात शिरतो. त्याला दोष कोणी द्यावा?

त्या दवाखान्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्यावाचून निष्काळजीपणाची चर्चा करणे हे नुसते नीतिपाठ देणे होय. उपनगरातील गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरचा एक गाळा, त्यात एक खुर्ची, एक कॉम्प्रेसर, एक एक्स-रे यंत्र, एक ऑटोक्लेव्ह. गाळा बहुधा भाड्याचा, खुर्ची कर्जाची. देशात दंत महाविद्यालये तीनशेहून अधिक आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. तेथे लाखो रुपये भरून बाहेर पडलेला तरुण पदवीधर शिक्षणाचे कर्जही सोबत घेऊन येतो. एकाच रस्त्यावर पाच पाट्या असतात. दर पाडून रुग्ण ओढावा लागतो आणि दर पाडला की वेळ वाचवावा लागतो. आता हत्यारांचेच पाहा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला हत्यारे किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. तापण्याचा, निवण्याचा आणि वाळण्याचा वेळ धरला तर एक फेरी अर्ध्या तासाच्या पुढे जाते. रुग्ण वीस मिनिटांनी एक असा येत असेल आणि दात कोरण्याची हत्यारे दोनच असतील, तर गणित जुळत नाही. ते जुळविण्याचे दोन मार्ग असतात: हत्यारांचे आणखी संच विकत घेणे, किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढे चालणे. यांपैकी कोणता मार्ग निवडला जातो ते दंतवैद्याच्या सद्सद्विवेकावर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या महिन्याच्या हप्त्यावर असते.

हे काल्पनिक भय नव्हे. तामिळनाडूतील वाणियंबाडी येथील एका दंत दवाखान्याशी जोडला गेलेला मेंदूच्या संसर्गाचा उद्रेक २०२३ मध्ये झाला आणि २०२५ मध्ये त्याचा शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध झाला. दहा जणांना लागण झाली, आठ दगावले. सलाईनची बाटली नीट न धुतलेल्या हत्याराने उघडण्याची आणि ती पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत हे त्याचे कारण सांगितले गेले. त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाची सही चार-चार संमतीपत्रांवर घेतली असती, तरी त्यांतला एकही जीव वाचला नसता.

अक्कलदाढेचे उदाहरण याहून शिकविण्याजोगे आहे, कारण तेथे दोष आणि दुर्दैव यांतली रेषा अस्पष्ट असते. खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूच्या अगदी लगत असतात. आतल्या बाजूने जिभेचा मज्जातंतू जातो. दाढ काढताना यांतला एखादा दुखावला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, किंवा अर्ध्या जिभेची संवेदना आणि चव जाते. पुष्कळदा ती काही महिन्यांत परत येते. काहींच्या बाबतीत कधीच येत नाही. खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या बाईची अर्धी जीभ बधिर झाली, तर वैद्यकाच्या दृष्टीने ती ‘ज्ञात गुंतागुंत’ असते. तिच्या दृष्टीने ते पोटावर आलेले संकट असते. आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला होता का? मुळे मज्जातंतूला भिडलेली दिसत असताना तज्ज्ञाकडे पाठविले होते का? दाढ काढलीच पाहिजे होती का? हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. पण या सर्वांची उत्तरे समाधानकारक असूनही इजा होऊ शकते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जो हे मान्य करीत नाही, तो प्रत्येक दंतवैद्याला गुन्हेगार ठरवील आणि प्रत्यक्षात एकाही रुग्णाला न्याय देऊ शकणार नाही.

आता या बाईने काय करावे? आपल्याकडचा कायदा म्हणतो, निष्काळजीपणा सिद्ध कर. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात १९५७ च्या एका इंग्रज निकालातील कसोटी उचलून धरली: त्या व्यवसायातील सामान्य कौशल्याच्या माणसाने जे केले असते ते केले असेल, तर निष्काळजीपणा नाही. कसोटी वाजवी आहे. पण ते ‘सामान्य कौशल्य’ कोणते, हे न्यायासनापुढे सांगावयाला पुन्हा दंतवैद्यच हवा. घाटकोपरमधला दंतवैद्य घाटकोपरमधल्याच दंतवैद्याविरुद्ध साक्ष देण्यास सहसा पुढे येत नाही. दोघे एकमेकांकडे रुग्ण पाठवितात, एकाच संघटनेच्या सभेला जातात. अमुक माणूस वाईट म्हणून हे घडते असे नाही. धंद्याची रचनाच तशी आहे.

आणि वेळ? महाराष्ट्रातील वैद्यकीय दायित्वाचा इतिहास हा प्रामुख्याने वाट पाहण्याचा इतिहास आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेले, तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले आणि तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणूनच कदाचित ते लढू शकले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या नावाने तो खटला १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. पंधरा वर्षे आणि भरपाई तीन हजार रुपये. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात टॉवेल राहिला आणि ती मरण पावली. तिच्या पतीला, अच्युतराव खोडवा यांना, ३६ हजार रुपयांचा हुकूमनामा अखेर कायम होऊन मिळाला तो १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती कोठे जाऊन पोहोचते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बुडालेल्या वर्षांचे व्याज गरिबाला कोणी देत नाही.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे चित्र काहीसे बदलले आणि १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते असा निर्वाळा दिला. उपनगरांना त्याचा प्रत्ययही लवकर आला. अंधेरीत दवाखाना चालविणाऱ्या एका होमिओपॅथने १९९२ मध्ये एका रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. त्याच्या पत्नीला राष्ट्रीय आयोगाने नाकारलेली दाद सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिली, तीन लाख रुपये आणि खर्च. चार वर्षे म्हणजे आपल्या मानाने विजेचा वेग! उलट विलेपार्ले येथील नानावटी रुग्णालयातील एका मूत्रपिंडतज्ज्ञावरचा, ऐकू येणे गेल्याचा दावा १९९१ च्या उपचारांतून निघाला आणि २००९ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे दोषी नसलेल्या डॉक्टरालाही अठरा वर्षे टांगते राहावे लागले. या व्यवस्थेने रुग्णाचे भले केले नाही आणि डॉक्टराचेही नाही. भले झाले असेल तर ते वकिलांचे.

शांता निकालातील एक बाजू मात्र समाजवाद्यांनी नजरेआड करता कामा नये. जेथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते, तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाही. नाममात्र नोंदणी फी भरल्यानेही ठरत नाही. अर्थात ज्याने पैसे मोजले त्याला वांद्र्याच्या उपनगर जिल्हा आयोगाचे दार, आणि ज्याच्याजवळ मोजायला पैसेच नव्हते त्याला दिवाणी न्यायालयाची पायरी, म्हणजे अच्युतराव खोडवांची वाट. हक्क नागरिकत्वातून न येता पावतीतून यावा, ही बाजारपेठेची तत्त्वप्रणाली आहे. ग्राहक चळवळीने केलेल्या कामाबद्दल आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे.

वैद्यकीय संघटनांचे मत अर्थातच वेगळे आहे. त्यांना हा कायदाच नको आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द आला नाही, एवढ्याच आधारावर आपण त्यातून सुटलो असा युक्तिवाद करण्यात आला; मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो फेटाळला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळला. हा युक्तिवाद फेटाळला गेला हे योग्यच झाले. जो व्यवसाय पाटीवर दर लिहितो, हप्त्यांवर दात बसवितो आणि साखळी दवाखान्यांच्या जाहिरातींत हसऱ्या तरुणी दाखवितो, त्याने आयोगापुढे उभे राहताना मात्र आपण व्यापार करीत नाही म्हणावे, याला काय म्हणावयाचे?

परंतु एका बाबतीत दंतवैद्यांची तक्रार खरी आहे आणि तिला पाठिंबा दिला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. ही सवलत कोणाला? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली पात्रता आणि नोंदणी असलेल्याला. दंतवैद्याची नोंदणी १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या परंपरेतील, वेगळी. शब्दशः वाचले तर तोच बधिर करण्याचा द्रव टोचताना तीच दुर्घटना घडली, तर एम.बी.बी.एस. डॉक्टराला दोन वर्षे आणि दंतवैद्याला पाच. यामागे काही विचार असेल असे वाटत नाही. मसुदा लिहिणाऱ्याला दंतवैद्य आठवलाच नाही, इतकेच. ही दुरुस्ती व्हावयास हवी. त्याचबरोबर, रुग्ण दगावला की दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्या जमावात कोणत्याही झेंड्याखालचा आपला कार्यकर्ता दिसता कामा नये. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, ही गोष्ट दुय्यम. मुख्य गोष्ट ही की फुटलेल्या काचेतून कोणत्याही विधवेला पेन्शन मिळत नाही.

आता विम्याकडे वळू, कारण खरी गोम तेथे आहे. व्यावसायिक दायित्वाचा विमा दंतवैद्याने घ्यावा यात गैर काही नाही. त्यातून रुग्णाला भरपाई मिळण्याची खात्री वाढते. कर्जबाजारी दंतवैद्याविरुद्धचा हुकूमनामा एरवी कागदच राहावयाचा. पण पॉलिसीच्या अटी वाचून पाहाव्यात. कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने दायित्व कबूल करू नये, कोणतेही वचन किंवा रक्कम देऊ नये, अशी अट या पॉलिसींत सर्रास असते. त्याचा अर्थ दवाखान्यात असा लावला जातो की, रूट कॅनल करताना सुईसारखे बारीक हत्यार दातात तुटून अडकले, तर रुग्णाला ते न सांगितलेलेच बरे. वस्तुतः हत्यार तुटणे हा पुष्कळदा दोष नसतोच. तुटल्यावर ते न सांगणे हा दोष असतो. सांगितले, एक्स-रे दाखविला, पुढे काय करावयाचे ते समजाविले, तर बहुतेक माणसे समजूतदार असतात. विम्याच्या अटीने नेमके हेच बोलणे महाग केले आहे. संमतीपत्राचेही तेच. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती तीच संमती. आणि उपनगरातील दवाखान्यात काय दिसते? छापील इंग्रजी कागद आणि त्यावर मराठी, गुजराती किंवा हिंदीतली सही, तीही बधिर करण्याचे इंजेक्शन घेऊन झाल्यावर.

या कोंडीतून वाट आहे, आणि ती समाजवाद्यांना अपरिचित नाही. कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात गेला तर मालकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये, हे तत्त्व या देशात ब्रिटिश अमदानीत, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाले. भोपाळनंतर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने धोकादायक उद्योगांच्या शेजाऱ्यांनाही ते लागू केले. मग खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसालाच ते का लागू नसावे? न्यूझीलंडने १९७४ पासून अपघात भरपाईची जी सार्वजनिक व्यवस्था उभारली, तिच्यात उपचारातील इजेचाही समावेश आहे. स्वीडनमध्ये १९७५ पासून रुग्ण विमा आहे, १९९७ पासून तो कायद्याने सक्तीचा आहे. तेथे विचारले जाते ते एवढेच की ही इजा टाळता येण्याजोगी होती का. कोण दोषी, हा प्रश्न भरपाईच्या टेबलावर येतच नाही. वकील फारसा लागत नाही आणि दंतवैद्याला सत्य लपविण्याचे कारणही उरत नाही. उलट इजेचा अर्ज भरावयाला तोच रुग्णाला मदत करतो.

यावर आक्षेप घेतला जाईल की, भरपाई अशी परस्पर मिळू लागली तर दंतवैद्य बेफिकीर होतील. हा आक्षेप अशा लोकांकडून येतो, ज्यांना बेफिकिरीवर आजची व्यवस्था किती परिणामकारक आहे हे तपासण्याची गरज कधी वाटली नाही. आज हप्ता भरला की दंतवैद्याच्या खिशाला झळ लागत नाही, आणि तो हप्ता शेवटी रुग्णाच्या बिलातूनच वसूल होतो. शिस्त हे भरपाईचे काम नव्हे. ते परिषदेचे काम आहे, आणि राज्य दंत परिषदेत सुनावणी करणारेही दंतवैद्यच असतात. तेथे रुग्णांचे प्रतिनिधी मताधिकारासह बसले पाहिजेत. दंत शिक्षण आणि व्यवसायासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, तेव्हा ही मागणी जोराने व्हावयास हवी होती. झाली नाही. डावे पक्ष त्या वेळी काय करीत होते, हे ज्याचे त्याने आठवावे.

पैसा कोठून येईल? सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले. खाजगी कंपन्यांना दार उघडून दोन दशके लोटली असली, तरी सार्वजनिक विमा कंपन्या आजही दायित्वाच्या पॉलिसी विकतात. आज विखुरलेल्या हप्त्यांत, वकिलांच्या फीत आणि दलालीत जाणारी रक्कम एका सक्तीच्या राज्यनिधीकडे वळविता येईल. खाजगी दंत महाविद्यालयांवर आणि साखळी दवाखान्यांवर त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात अधिभार बसविता येईल. साखळी दवाखान्यांची चलाखी येथे ध्यानात घेतली पाहिजे: पाटी कंपनीची, दर कंपनीचा, रुग्णाशी करार कंपनीचा, पण काही बिघडले की दंतवैद्य ‘स्वतंत्र सल्लागार’. नफ्याचे केंद्रीकरण आणि दायित्वाचे विकेंद्रीकरण! आणि या निधीचा आणखी एक लाभ होईल. कोणती इजा, कोणत्या उपचारात, कोणत्या परिस्थितीत होते, याची नोंद आज विमा कंपन्यांच्या कपाटात व्यापारी गुपित म्हणून पडून आहे. ती सार्वजनिक झाली, तर जोखमीचे खरे व्यवस्थापन सुरू होईल.

हे होईतो उपनगरांतल्या शाखांना करता येण्याजोगे काम थोडके नाही. रुग्णालयांनी रुग्णाला त्याच्या नोंदी द्याव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांना त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. दंतवैद्यांनाही नोंदी ठेवण्याचे बंधन आहे. दाढ काढण्यापूर्वीच एक्स-रेची प्रत मागण्याची सवय वस्तीत लावली पाहिजे. भांडण उभे राहिल्यावर मागितलेली प्रत पुष्कळदा सापडत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ओठाची बधिरता आज जाईल, उद्या जाईल, म्हणून वाट पाहण्यात तिच्यातले एक वर्ष सहज जाते, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही आणि राज्याचा नोंदणी कायदा खाटा असलेल्या शुश्रूषागृहांचा आहे. म्हणजे एका खुर्चीच्या दंत दवाखान्यातील ऑटोक्लेव्ह चालतो की नुसता ठेवलेला आहे, हे पाहावयाला नेमाने कोणीही येत नाही. ही तपासणी महापालिकेने करावी, अशी मागणी प्रत्येक वॉर्डातून लेखी गेली पाहिजे. आणि महापालिकेने आपल्या ‘आपला दवाखाना’ योजनेतील ज्या पॉलिक्लिनिकांत दंतवैद्य नेमले आहेत, तेथे जाऊन पाहावे: खुर्च्या किती, दंतवैद्य आठवड्यातून किती तास बसतो, एक्स-रेची सोय आहे की रुग्णाला बाहेर पाठविले जाते, आणि दोन रुग्णांच्या मध्ये हत्यारांचे किती संच फिरतात. भांडुप, कुर्ला, मालवणी, दहिसर येथील कार्यकर्त्यांनी ही माहिती गोळा केली, तर महापालिकेच्या आरोग्य समितीपुढे ठेवावयाला एक कागद तयार होईल.